दफ्तर, खतावणी आणि संगणक

बऱ्हाणपूरचे नाव निघाले की आपल्या मनापुढे उभा राहतो तो तापीच्या काठावरचा शाही किल्ला, फारुकी सुलतानांची जामा मशीद, १६३१ साली याच गावी झालेला मुमताज महलचा मृत्यू, आणि १६८१ च्या आरंभी मराठ्यांच्या फौजेने या शहराच्या संपन्न पुऱ्यांवर घातलेली झडप. इतिहास लक्षात राहतो तो असल्या प्रसंगांनी. परंतु बऱ्हाणपूरच्या ज्या वैभवाबद्दल मी आज आपणांशी बोलणार आहे, त्यावर कोणी पोवाडा रचलेला नाही. ते वैभव म्हणजे तेथील दफ्तर. त्या दफ्तराचा धागा धरून मला आपणांस आपल्या काळातील एका शास्त्रापर्यंत न्यावयाचे आहे. संगणकात माहिती कोणत्या रीतीने लावून ठेवतात, हा त्या शास्त्राचा विषय होय.

हा विषय आपला नव्हे, असे कृपा करून म्हणू नका. आपले बँकेतील खाते, आपली शिधापत्रिका, आपल्या शेताचा उतारा, आपल्या मुलाचा परीक्षेचा निकाल, हे सारे आज संगणकातील तक्त्यांत लिहिलेले असते. त्या तक्त्यांत आपण जसे असू, तसेच सरकारदरबारी आपण असतो. तेव्हा ते तक्ते कसे लिहिले जातात, ही केवळ यंत्रज्ञांनी करावयाची उठाठेव नव्हे. आणि मौज अशी की, या प्रश्नाशी आपल्या पूर्वजांची गाठ यंत्र नावाची वस्तू जन्मास येण्यापूर्वीच पडलेली होती.

अकबराने १६०० साली बऱ्हाणपूर घेतले, आणि पुढल्याच वर्षी असीरगड त्याच्या हाती आला. तेथून पुढे सुमारे अर्धशतक हे शहर मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे मुख्य ठाणे होते. खानखानान अब्दुर्रहीम येथे राहिला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली शाहजादा परवेझच्या भेटीसाठी येथेच आला. दक्षिणेत जाणारी फौज येथे जमावयाची, आणि फौज जेथे जमते तेथे तिची गणती, तिचा पगार आणि तिचे हिशेबही जमतात.

मोगलांच्या फौजेची घडण अशी की, बादशहा मनसबदारास मनसब देई, त्या मनसबीपोटी त्याने ठराविक स्वार बाळगावयाचे, आणि त्यांच्या खर्चासाठी त्यास जहागिरीचे किंवा रोख रकमेचे उत्पन्न मिळावयाचे. व्यवस्था कागदावर सुरेख होती. व्यवहारात मात्र पुष्कळ मनसबदार पगार पुरा घेत आणि स्वार अपुरे ठेवीत. हजेरीच्या दिवशी इकडून तिकडून घोडे उसने आणावयाचे, बाजारातली माणसे त्यांवर बसवावयाची, आणि हजेरी संपली की घोडे ज्याचे त्यास परत करावयाचे. एकच घोडा आज एका सरदाराच्या नावावर मोजला जाई आणि उद्या दुसऱ्याच्या.

यावर अकबराने १५७३-७४ च्या सुमारास उपाय योजला तो ‘दाग’ आणि ‘चेहरा’ या दोन नावांनी प्रसिद्ध आहे. घोड्यास तापल्या लोखंडाचा डाग द्यावयाचा, तो दाग. स्वाराचे वर्णन कागदावर उतरून घ्यावयाचे, तो चेहरा. आपल्या ‘चेहरेपट्टी’ या शब्दाशी त्याचे नाते सहज ध्यानात येईल. त्या कागदावर स्वाराचे नाव, बापाचे नाव, जात, राहण्याचे ठिकाण, वर्ण, अंगावरील खुणा, आणि पुढे त्याच्या घोड्याचे वर्णन, अशी कलमे असत. ‘आइन-इ-अकबरी’त अबुल फझल सांगतो की, डागाच्या आकृती प्रारंभी निरनिराळ्या होत्या, पण अखेरीस आकड्यांचा डाग ठरविण्यात आला, आणि लबाडी रोखण्यास तोच सर्वांत उपयोगी पडला.

श्रोते हो, या साध्या गोष्टीत काय काय सामावलेले आहे ते पाहा. प्रत्येक स्वाराबद्दल तीच कलमे, त्याच क्रमाने विचारली जात होती. अमुक सरदाराच्या माणसांची वर्णने लांबलचक आणि तमुकाच्या माणसांची त्रोटक, असा प्रकार नव्हता. दुसरे असे की, घोड्याची ओळख त्याच्या रंगावरून वा नावावरून नव्हे, तर एका आकड्यावरून ठरत होती. काळे घोडे पुष्कळ असतात. खुणेचा आकडा वेगळा असतो. सारख्या कलमांचे रकाने आणि ओळख पटविणारी एक निश्चित खूण, ही दोन तत्त्वे ध्यानात ठेवावीत. पुढे यांचीच गाठ पडावयाची आहे.

या कारकुनी जगात वाढलेला एक मनुष्य बऱ्हाणपूरचाच होता. भीमसेन सक्सेना त्याचे नाव. १६४९ साली बऱ्हाणपुरास एका कायस्थ कुटुंबात त्याचा जन्म झाला. घरात दफ्तराचीच परंपरा होती. त्याने स्वतः दख्खनच्या मोगल चाकरीत, डागाच्या आणि हजेरीच्या खात्यातही, काम केले. पुढे तो दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहिला. त्याने फारसीत लिहिलेला ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ हा ग्रंथ मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. जदुनाथ सरकारांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि ते १९७२ साली महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाने प्रसिद्ध केले. मोगल फौजेचा डामडौल आणि तिची पोखरलेली अवस्था ही दोन्ही भीमसेनास दिसली, याचे एक कारण मला असे वाटते की, फौज कागदावर केवढी आणि मैदानात केवढी, हे पाहण्याची त्यास सवय होती. दख्खनच्या त्या मोगल कचेरीचे अस्सल कागद आज हैदराबादच्या सरकारी पुराभिलेखागारात आहेत, आणि त्यांत शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील स्वारांचे चेहरेही आहेत. लढाया विसरल्या गेल्या, परंतु कोणा एका अप्रसिद्ध शिपायाच्या अंगावरील व्रण कोठे होता, हे आपणांस आजही वाचावयास मिळते.

१७६० साली उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे ते शिंद्यांकडे गेले, आणि १८६० साली इंग्रजांच्या अमलाखाली आले. मराठ्यांची दफ्तराची पद्धतीही मोठी शिस्तीची होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जो कोणी डोकावला असेल, त्यास रोजकीर्द, खतावणी, गोषवारा आणि ताळेबंद हे शब्द सांगावयास नकोत. दिवसभरात जे घडले, जे दिले, जे आले, ते तारखेच्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचे. मग त्याच रकमा ज्याच्या त्याच्या खात्यावर पुन्हा उतरावयाच्या, ती खतावणी. खतावणीवरून गोषवारा, आणि त्यावरून सालअखेरचा ताळेबंद. आपल्या किराणा दुकानदारांच्या चोपड्या परवापरवापर्यंत याच रीतीने चालत होत्या.

येथे एक अडचण लपलेली आहे. रोजकीर्दीत लिहिलेली रक्कम खतावणीत पुन्हा लिहावी लागते. म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणी झाली. ती दोन्ही ठिकाणी सारखीच राहील, याची जबाबदारी कोणाची? कारकुनाच्या डोळ्यांची आणि त्याच्या इमानाची. डोळा चुकला किंवा इमान ढळले की दोन वह्या दोन गोष्टी सांगू लागतात, आणि मग खरी वही कोणती हे ठरविण्यासाठी तिसऱ्या माणसाकडे जावे लागते. दफ्तराचा सारा इतिहास हा एका अर्थी या एकाच रोगाशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

हा रोग जेथे सर्वांत अधिक बोचतो ती जागा म्हणजे जमिनीचे कागद. इंग्रजी अमलात १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली, आणि शेताशेतास क्रमांक दिला. पूर्वी ‘वडाखालचे शेत’, ‘ओढ्याकाठचे शेत’ अशी नावे असत. आता शेतास सर्व्हे नंबर आला. अकबराच्या घोड्यास आकडा मिळाला, तसाच तो शेतास मिळाला. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला, आणि जमीन कोणाची याची नोंद ठेवण्याची घडी बसत गेली.

रावेर आणि बऱ्हाणपूर हे शेजारशेजारचे मुलूख. मधून राज्याची सीमा गेली, तरी केळीच्या बागा आणि सोयरिकी तिला जुमानीत नाहीत. ज्या मराठी कुटुंबाची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंस आहे, त्यास रावेरच्या बाजूला गाव नमुना सात, बारा आणि आठ-अ हे कागद लागतात, तर बऱ्हाणपूरच्या बाजूला खसरा आणि खतौनी. नावे वेगळी असली तरी कल्पना एकच आहे. सात-बारा व खसरा हे शेतावर लावलेले कागद आहेत. शेताचा क्रमांक सांगा, त्याची माहिती मिळेल. आठ-अ व खतौनी हे माणसावर लावलेले कागद आहेत; खातेदार सांगा, त्याची सर्व शेते मिळतील. खतौनी आणि खतावणी या दोन शब्दांतील सारखेपणा आपल्या ध्यानात आलाच असेल.

आता कल्पनेने एक शेतकरी उभा करू. त्याचे नाव सखाराम. त्याच्या गावी याच नावाचा आणखी एक मनुष्य आहे. आपल्या सखारामाजवळ तीन शेते आहेत, आणि त्यांपैकी एक त्याच्या नि त्याच्या भावाच्या सामाईक मालकीचे आहे. शेतांच्या वहीत सखारामाचे नाव तीनदा लिहिलेले आहे, खात्यांच्या वहीत एकदा, आणि सोसायटीच्या कर्जाच्या वहीत आणखी एकदा. सखारामाने एक शेत विकले. शेतांच्या वहीत नाव बदलले. खात्यांच्या वहीत बदलावयाचे राहिले. सोसायटीस तर कोणी कळविलेच नाही. आता शेत एकाचे, सारा दुसऱ्याच्या नावे, आणि कर्जाचा तगादा भलत्याच सखारामाच्या दारी. यात कोणी लबाडी केली असेलच असे नाही. एकच गोष्ट पाच जागी लिहिली, आणि तीन जागी दुरुस्त केली, एवढेच घडले. पण या एवढ्याश्या गोष्टीपायी माणसे कचेरीच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवितात.

याच दुखण्याचे आणखी दोन प्रकार आहेत. समजा, मालकाचे नाव केवळ पिकांच्या नोंदीतच लिहिण्याची रीत असती. तर ज्या वर्षी शेत पडीत राहिले, त्या वर्षी पिकाची ओळ नाही, आणि पिकाबरोबर मालकही नाहीसा! उलट, ज्याने नुकतेच शेत घेतले पण अजून पेरले नाही, त्यास लिहावयास जागाच नाही. एका वहीत दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या की एकीच्या अभावी दुसरी मरते.

संगणक आले तेव्हा ही सारी दुखणी त्यांच्याबरोबर आत शिरली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रे पाडलेली पत्रे वापरून मोजणी यंत्राकडे सोपविली होती. १९६० नंतर चुंबकीय तबकड्यांवर अफाट माहिती साठविता येऊ लागली. ती लावून ठेवण्याच्या तेव्हा दोन रीती मुख्य होत्या. पहिलीत माहिती झाडासारखी असे: खोडातून फांदी, फांदीतून डहाळी. आय-बी-एम कंपनीने अमेरिकेच्या चंद्रमोहिमेच्या कामासाठी तयार केलेली व्यवस्था या जातीची होती. दुसरी रीत जाळ्याची. तिचा पाया चार्ल्स बाकमन याने घातला. तीत एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणारे मार्ग यंत्रात आधीच आखून ठेवलेले असत.

या दुसऱ्या रीतीस बऱ्हाणपुरात एक उत्तम दृष्टान्त आहे. शहराजवळचा कुंडी भंडारा आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. १६१५ साली खानखानानाच्या कारकीर्दीत बांधलेली ही पाण्याची योजना. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटातील भुयारातून शहराकडे आणलेले, आणि त्या भुयारावर शंभराहून अधिक कुंड्या. एका कुंडीतून दुसरीत पाणी जाते खरे, पण जेथे भुयार खोदलेले आहे तेथूनच जाते. जेथे भुयार नाही, तेथे दोन कुंड्या हाताच्या अंतरावर असल्या तरी एकीचे पाणी दुसरीस मिळणार नाही. पाण्याच्या बाबतीत हे ठीक आहे. परंतु माहितीच्या बाबतीत उद्या कोणता प्रश्न विचारावा लागेल, हे आज कोण सांगणार? ‘या शेताचा मालक कोण’ याचे भुयार खोदून ठेवले आणि ‘या मालकाची शेते कोणती’ असे कोणी विचारले, की नवे भुयार खोदण्यास यंत्रज्ञ बोलवावा लागे. आणि साठवणीची जागा थोडी हलविली की जुनी भुयारे निकामी होत.

ही कोंडी फोडणारा मनुष्य म्हणजे एडगर कॉड. १९२३ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटात त्याचा जन्म झाला. गणित शिकलेला हा तरुण दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होता. पुढे अमेरिकेत आय-बी-एम कंपनीत नोकरी करीत असताना, १९७० च्या जून महिन्यात, संगणकशास्त्राच्या एका मासिकात त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे सांगणे थोडक्यात असे होते: यंत्राच्या पोटात माहिती कोठे नि कशी ठेवली आहे, हे ती वापरणाऱ्याने जाणण्याची गरज असू नये. त्यास दिसावेत ते फक्त तक्ते. एका तक्त्यात एकाच प्रकारच्या गोष्टी. प्रत्येक गोष्टीची एक ओळ. प्रत्येक गुणधर्माचा एक रकाना. एका घरात एकच मूल्य. आणि प्रत्येक ओळीस दुसऱ्या कोणत्याही ओळीपासून वेगळी ओळखता येईल अशी एक खूण, म्हणजे किल्ली. ओळी कोणत्या क्रमाने लिहिल्या, याला काही महत्त्व नाही. अशा तक्त्यास गणितात ‘रिलेशन’ म्हणजे संबंध असे नाव आहे, आणि म्हणून या व्यवस्थेस ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणू लागले. पुष्कळांस वाटते की तक्त्यातक्त्यांतील संबंधामुळे हे नाव पडले. तसे नव्हे, एका ओळीतील मूल्यांचा परस्परांशी असलेला संबंध त्या नावात अभिप्रेत आहे.

आता आपल्या सखारामाकडे परत जाऊ. कॉडच्या रीतीने त्याच्या गावाचे दफ्तर लिहावयाचे तर तीन तक्ते करावे लागतील. पहिला शेतांचा: शेताचा क्रमांक, क्षेत्र, आकार. दुसरा माणसांचा: खातेदाराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव. सखाराम हे नाव येथे एकदाच लिहावयाचे. दुसरा सखाराम असेल तर त्याची ओळ निराळी, क्रमांक निराळा. मग घोटाळा नाही. तिसरा तक्ता मालकीचा: शेताचा क्रमांक, खातेदाराचा क्रमांक, आणि हिस्सा. यात नावे नाहीत, क्षेत्र नाही, केवळ दोन क्रमांकांची गाठ आहे. सामाईक शेताच्या दोन ओळी येतील, एक सखारामाची आणि एक त्याच्या भावाची. शेत विकले की या तिसऱ्या तक्त्यातील एका ओळीत बदल केला, म्हणजे काम झाले.

खतौनी कोठे गेली, असे आपण विचाराल. या सगळ्या कल्पनेचे मर्म मला वाटते ते येथेच आहे. खतौनी लिहून ठेवावयाचीच नाही! ‘अमुक खातेदाराची सर्व शेते दाखव’ असे सांगितले की यंत्र क्रमांकास क्रमांक जुळवून तीनही तक्ते जोडते आणि खतौनी तेथल्या तेथे तयार करून देते. उद्या कोणी ‘दोन एकरांहून कमी जमीन असलेले खातेदार कोण’ असे विचारले, तर त्यासाठी आगाऊ भुयार खोदावयास नको. तक्ते तेच; जोडणी नवी. आपल्या पूर्वजांस रोजकीर्दीवरून खतावणी हाताने उतरावी लागे. येथे ती मागितली की मिळते, आणि म्हणून ती मूळ वहीशी विसंगत असूच शकत नाही. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, आणि बाकीचे सारे विचारून घ्यावे, हे या शास्त्राचे सूत्र. एका तक्त्यात दोन गोष्टी कोंबू नयेत, यासाठी कॉडने पुढील काही वर्षांत नियम बांधून दिले. पडीत शेताबरोबर मालक नाहीसा होण्याचा जो प्रसंग मघा सांगितला, तो त्या नियमांनी टळतो.

याखेरीज तक्त्यांवर पहारेही बसविता येतात. जो क्रमांक खातेदारांच्या तक्त्यात नाही, तो मालकीच्या तक्त्यात लिहू गेल्यास यंत्र नकार देते. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या नावे जमीन लागत नाही. त्याचप्रमाणे, एका व्यवहारातील सर्व पायऱ्या एक तर पुऱ्या होतात, नाही तर एकही होत नाही. विकणाऱ्याचे नाव कमी झाले आणि घेणाऱ्याचे लागण्यापूर्वी वीज गेली, तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर विकणाऱ्याचे नाव पूर्ववत दिसते. एकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्याच्या खात्यात आले नाहीत, ही अधांतरी अवस्था बँकेच्या तक्त्यांत राहू नये, म्हणून हीच व्यवस्था असते.

कॉडची कल्पना त्याच्या कंपनीने लगेच उचलून धरली असे झाले नाही. जुन्या रीतीची व्यवस्था तिच्या गिऱ्हाइकांत चांगली चालली होती. तरी त्याच कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत प्रयोग सुरू झाले. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ साली तक्त्यांस प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच आज एस-क्यू-एल या नावाने ओळखली जाते. ‘काय हवे’ एवढेच तीत सांगावयाचे. ‘कसे शोधावे’ ते यंत्राने ठरवावयाचे. बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी याच मार्गाने स्वतंत्र काम केले. १९७९ साली अशी एक व्यवस्था ओरॅकल या नावाने बाजारात आली. १९८१ साली कॉडला संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. पुढे ‘रिलेशनल’ हा शब्द इतका प्रतिष्ठित झाला की जो तो आपल्या मालावर तो छापू लागला. तेव्हा खरा माल कोणता हे ओळखण्यासाठी १९८५ साली कॉडला नियमांची यादीच प्रसिद्ध करावी लागली. २००३ साली तो वारला. त्याच वर्षी बऱ्हाणपूर हा पूर्व निमाडातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला, हा केवळ योगायोग. आज मोठ्या बँकेच्या हिशेबापासून आपल्या खिशातील फोनमधल्या नावांच्या यादीपर्यंत कॉडचेच तक्ते काम करीत आहेत.

तथापि, या शास्त्राची थोरवी गाताना त्याची मर्यादा सांगितली नाही, तर तो आपल्याच जुन्या दफ्तरदारांचा अपमान होईल. तक्ते परस्परांशी सुसंगत आहेत की नाहीत, हे यंत्र सांगते. तक्त्यात लिहिलेले खरे आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. चेहऱ्याच्या कागदावर कलमे कितीही बिनचूक असली, तरी घोडा डागाच्या अंगणात प्रत्यक्ष आणून उभा केला नाही, तर त्या कागदाचा उपयोग काय? शेताच्या बांधावर जाऊन कोणी पाहणी केली नाही, तर पिकाचा रकाना भरलेला असूनही रिकामाच. पूर्वी पाच वह्यांत विसंगती असे, आणि त्या विसंगतीतूनच चूक निदान उघडकीस येई. आता एकच वही आहे. तीत चूक असेल, तर ती सर्वत्र एकसारखी, नीटनेटकी आणि छापील दिसते. छापील चुकीपुढे गरीब मनुष्य फार लवकर हात टेकतो.

दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म आहे. ज्याची ओळ नाही, तो तक्त्याच्या दृष्टीने नाहीच. २००५ च्या कायद्याच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला. परंतु बापामागे वारसांची नोंद करताना भावांनी आपल्या तेवढ्या ओळी घातल्या आणि बहिणीची घातली नाही, तर संगणक तिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. त्यास नकार म्हणता येत नाही आणि अन्यायही दिसत नाही. केवळ एक ओळ कमी असते. तिचा हक्क कायद्यात शाबूत असतो, पण उताऱ्यावर नसतो, आणि बँक पाहते तो उतारा.

म्हणून मला आपणांस शेवटी सांगावयाचे आहे ते हे. आपल्या घरातील जमिनीचा उतारा, मग तो सात-बारा असो की खसरा, बहुधा कुठल्या तरी पेटीत घडी घालून ठेवलेला असेल. तो एकदा काढून वाचा. शेताचा क्रमांक पाहा, खात्याचा क्रमांक पाहा, नावापुढील हिस्सा पाहा, आणि ज्यांची नावे असावयास हवीत त्या साऱ्यांची आहेत की नाहीत ते मोजा. घरातील मुलींची नावे विशेष पाहा. चूक दिसली तर पटवाऱ्याकडे वा तहसील कचेरीत जाऊन ती आजच दुरुस्त करवून घ्या. कारण आजची वही एकच आहे, आणि तीत एकदा बरोबर लिहिले गेले की ते सर्वत्र बरोबर होते. घोडा उसना आणून हजेरी भागविणाऱ्या मनसबदारांना शेवटी पकडले ते एका आकड्याने. तोच आकडा आज आपल्या बाजूने उभा राहू शकतो. तो आपल्या उताऱ्यावर बरोबर उतरला आहे की नाही, हे मात्र आपले आपणच पाहावे लागेल.